चौथी ओळ

३ मार्च, सोमवार
मास्तरांना पकडलं!
आम्ही म्हातारे जमतो त्या सीनियर सेंटरमधली सीमा एवढंच म्हणाली, "काका, घरी जाऊन टीव्ही लावा." लावला. इथं अमेरिकेत येण्याआधी, तीस वर्षांपूर्वी, मास्तरांच्या देशात यादवी चालली होती, तेव्हा ते म्हणे एका तुरुंगाचे मुख्य होते. कैद्यांचे हाल हाल केले.
कोण? मास्तर?
मला तर सांगितलं होतं, डोंगरातल्या शाळेत शिकवायचो. म्हणून तर मी त्यांना मास्तर म्हणू लागलो. सेंटरबाहेरच्या बाकावर उन्हात बसायचं, मी माझ्या चौथीतल्या कविता चालीवर म्हणायच्या आणि त्यांनी त्यांच्या भाषेतलं एक बालगीत. अर्थ इंग्रजीत समजावला होता –
शेळ्या घरी आल्या,
पाखरं घरी आली,
डोंगराची सावलीसुद्धा घरी आली...
आणि थांबायचे. चौथी ओळ सांगायचे नाहीत! ओळख म्हणायचे, आणि बघत राहायचे. मी आपलं काहीतरी जोडायचो – चांदोबा घरी आला, आजोबा घरी आले. "चूक!" की गुडघ्यावर टिचकी. काय हसायचो दोघं.

४ मार्च, मंगळवार
"भाजी करपली तरी यांचं गुणगुणणं चालूच," इति नीलांबरी. चाल मास्तरांचीच होती. माझ्या लक्षातही आलं नाही.

६ मार्च, गुरुवार
तपास करणारी सरकारी बाई घरी आली. चहा नको म्हणाली. कैद्यांच्या डोळ्यांवर पट्टी असायची, त्यामुळे त्या माणसाचा चेहरा कुणी पाहिलेला नाही. फक्त आवाज ऐकलाय. मास्तरांबरोबर जवळपास रोज दिसणारा मित्र मी. आवाज रेकॉर्ड केलेला आहे का कुठं?
आहे. माझ्या फोनमध्ये. चाल शिकायची म्हणून केला होता. बोललो नाही.
उलट विचारलं – तिकडं घडलं, मग खटला इकडं कसा? म्हणाली, छळ जगात कुठंही केलेला असो, माणूस अमेरिकेत सापडला की इथलं कोर्ट त्याला जाब विचारू शकतं.
ती गेल्यावर मी म्हटलं, "म्हणजे दुसऱ्या गावातल्या खोडीला आपल्या शाळेत छडी!"
"खोडी?" नीलांबरी तडकलीच. "तुम्हाला जिकडेतिकडे शाळाच दिसते."
डोकं चालत नाही.

७ मार्च, शुक्रवार
जर्सी सिटीहून सिद्धेशचा फोन. "बाबा, प्लीज, यात पडू नका. डिलीटबिलीट करू नका, पण आपण होऊन देऊही नका. आधी लॉयरशी बोलू."
"अरे, पण ते लहान मुलांचं गाणं आहे रे!"
"बाबा, यार..."

१० मार्च, सोमवार
दिलं! सिद्धेशला सांगितलेलं नाही.
सोपं आहे. असा गोड गळा – तिथले कैदी ऐकतील आणि म्हणतील, छे, हा तो नव्हेच. मास्तर सुटतील. बाकावर ऊन आत्ताच यायला लागलंय.

१८ जून, बुधवार
ट्रेंटनच्या कोर्टात जाऊन आलो. नीलांबरीही आली. मास्तर वाळलेत. मला पाहून मान हलवली, मीही हात वर केला.
साक्षीला एक पन्नाशीची बाई. माझं रेकॉर्डिंग लावलं. तीन ओळी, मग माझं "चांदोबा", मग "चूक!", मग माझं हसू – भर कोर्टात!
बाईनं डोळे मिटून घेतले होते. तशीच ती हळूच त्या चालीवर काहीतरी म्हणाली. दुभाष्यानं सांगितलं –
मग माझे बाबा कुठे राहिले?
चौथी ओळ! मनात पहिलं काय आलं? किती साधी, किती सुंदर! खरंच हेच आलं.
मग बाई म्हणाली, "तोच आवाज. तीन ओळी म्हणून तो थांबायचा. चौथी आम्ही म्हणायची. चुकलं, आवाज कापला, की हातोडी. गुडघ्यावर."
नीलांबरीनं माझा हात घट्ट धरला. मी मास्तरांकडे पाहिलं. ते माझ्याकडेच बघत होते. बाकावर बघायचे तसेच – थांबून.

१९ जून, गुरुवार
सकाळपासून गुडघ्यावर हात ठेवून बसलोय. ओळ पाठ झाली आहे.