बिरोबाच्या नावचं तूप

आटपाडी, १२ जानेवारी १९६४

ती. सौ. आक्काताईस रंगूचा शि. सा. न. वि. वि.

म्हैस खुशाल आहे, माझं विचारू नकोस. नव्या दुभत्याचं लोणी पाच रविवार घरात कुणी चाखायचं नाही, त्याचं तूप बिरोबाच्या दिव्याला, अशी इथली रीत. मान्य. पण आज नववा रविवार. देव भलताच खादाड निघाला.

पहाटे रवी मी ओढते आणि मी हात धुईपर्यंत सासूबाई माझी बोटं न्याहाळत उभ्या असतात. दारात तांब्या घेऊन येईल त्याला ताकावर लोण्याची गोळी घालून देतात, नाहीतर दुभत्याला दृष्ट लागते म्हणे. मला गोळी नाही, कारण मी घरातली. अर्जुना दोन महिन्यांचा झाला, दूध पुरत नाही म्हणून सारखा रडतो. बाळंतिणीला लोणी घाला, असं सुईण बजावून गेली. ह्यांना सांगितलं, तर म्हणाले आईला विचार.

तुझी,
रंगू

उंब्रज, १८ जानेवारी

चि. सौ. रंगूस अनेक आशीर्वाद.

तुझा बिरोबा मला भेटला. मलकापुरात राहतो. तुझ्या नणंदेकडे, बयाबाईंकडे, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला गेले होते. गुळाच्या पोळीवर तुपाची धार आणि डबा तुझ्या रुखवतातला, झाकणावर तुझं नाव. आईकडून दर पंधरवड्याला येतो म्हणाल्या. मी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

भांडू नकोस. घरातली म्हणून मिळत नाही ना? मग बाहेरची हो.

लोभ आहेच, तो आटायचा नाही.
आक्काताई

आटपाडी, २ फेब्रुवारी

ती. सौ. आक्काताईस शि. सा. न.

सोमवारी लोणी निघालं तशी अर्जुनाला कडेवर घेतलं, मागच्या दारानं गेले आणि तांब्या घेऊन पुढच्या दारात उभी राहिले. ताकाला आलेल्या चार बायका होत्याच. आत्याबाई, मलाबी ताक वाढा, एवढंच म्हटलं. नाही म्हणावं तर दृष्ट. गोळी पडली, चांगली लिंबाएवढी. उंबऱ्याबाहेर बसून खाल्ली. खोटं कशाला सांगू, पहिल्याच घासाला रडू आलं. घरचं लोणी मागायला घराबाहेर जावं लागलं.

चौथ्या दिवशी गावात चर्चा झाली, तेव्हा सासूबाईंनीच आत बोलावून ताटात वाढलं. जेवताना मी सहज विचारलं, माझा डबा मलकापूरहून कधी परत यायचा? ह्यांचा घास हातातच राहिला. लेकीला जाणारी पत्रं तेच लिहायचे ना.

अर्जुना आता पोटभर पितो.

काल सासूबाईंनी पत्र लिहायला मला बसवलं. ह्यांनी लेखणी धरायला नकार दिला. म्हस आटली, यंदा तूप काय जमायचं न्हाई, असं त्या सांगत गेल्या. मी शब्द न् शब्द उतरवला. एवढं सुरेख अक्षर माझ्या हातून आजवर आलं नव्हतं.

माया असू दे.
रंगू