सातव्या हिरवळीचा गट्टू

३ मार्च, सोमवार

सगळ्यांत आधी आली ती छत्रीवाली बाई. ना ऊन, ना पाऊस, तरी डोक्यावर छत्री! आणि आमचं हे नवं घर असं न्याहाळत होती, जसं काही ते तिचंच आहे आणि आम्हीच उगाच येऊन बसलोय. तिच्यामागून क्लबचे सेक्रेटरी आले, आधी पोट आणि मग माणूस. शेवटी जुना माळी. आमच्या मुलाला इथं नोकरी लागायच्या आधी पंचवीस वर्षं त्यानंच हे गोल्फचं मैदान राखलं. तो आत काही आलाच नाही. उंबऱ्याबाहेर एका पायावर उभा राहून बुटाच्या तळाची माती काडीनं खरवडत राहिला. मी म्हटलं, अहो, या की आत, फरशी पुसता येते. तर माझ्याकडे असं बघितलं, जशी काही मी शिवीच दिली.

जाऊ दे. मला आज कशाचं वाईट वाटणारच नाही. दोन वर्षं एकटी राहिले, रेडिओशी भांडायची वेळ आली होती. आता मुलगा, सून आणि नात, सगळे एका छपराखाली. नातीला मी भिंगरी म्हणते, एका जागी ठरेल तर शपथ. तिनंच ही वही दिली. आजी, रोज लिही, अक्षर सुधारेल, म्हणाली. मी चौथीत शाळा सोडली आणि ही सहा वर्षांची माझी बाई झालीय!

पाहुणे जाताना म्हणाले, परत येऊ. छत्रीवाली म्हणाली, आम्ही येतोच.

९ मार्च, रविवार

मैदान म्हणजे नुसतं गवत असतं, असं मला वाटायचं. मुलगा हसला. अठरा भोकं, आणि प्रत्येक भोकाभोवती एक हिरवळ. तिचे जेवढे लाड होतात तेवढे माझे बाळंतपणातसुद्धा कुणी केले नसतील. पहाटे लांब काठीनं गवतावरचं दव झाडायचं, नाहीतर बुरशी धरते. मग कापायचं. मग भोक हलवायचं.

हे भोक हलवणं मला फार आवडलं. एकाच भोकाभोवती रोज पाय पडले तर गवत मरतं, म्हणून रोज नव्या जागी भोक पाडायचं. पोलादी नळकांडं दाबून फिरवायचं, की गवतासकट मातीचा गट्टू निघतो, पेल्याएवढा गोल. तो उचलून कालच्या भोकात बसवायचा. वरून पाणी शिंपडलं की सांधासुद्धा दिसत नाही. इथलं काढायचं आणि तिथलं भरायचं, हिशोब पुरा. मी म्हटलं, अरे, आम्ही गोधडीला ठिगळ लावायचो तसंच की!

अवजारांच्या खोलीच्या दारावर जुन्या माळ्यानं रंगानं लिहून ठेवलंय, सातव्याची माती सातव्यावरच. बूट धुतल्याशिवाय जाऊ नये. बाकीच्या सतरांबद्दल एक अक्षर नाही. मी विचारलं, तर मुलगा म्हणाला, म्हाताऱ्याचं खूळ. पण इथले कामगार धुतात हो बूट, अगदी घासून घासून.

१७ एप्रिल, गुरुवार

आज मी एक गंमत केली. कुणाला सांगू नकोस, वही.

मुलाचा चहा घेऊन सातव्यावर गेले होते. सातव्याचं गवत काय सांगू, मांजरीच्या पोटासारखं मऊ. त्यानं नुकताच गट्टू काढून ठेवला होता, तेवढ्यात पलीकडे पाण्याचा पाइप फुटला म्हणून तो धावला. गट्टू माझ्या पायाशी. मनात आलं, हा स्वयंपाकघराच्या दाराशी लावला तर भिंगरीच्या पायांना किती छान वाटेल! डब्याच्या झाकणात घेतला आणि पदराखाली घातला. कालचं भोक उघडं राहायला नको म्हणून शेजारच्या पोत्यातली वाळू भरली, हातानं थापली. वरून हिरवी दिसत नव्हती, एवढंच.

संध्याकाळी मुलगा कामगारांवर ओरडत होता, सातव्यावर वाळू कुणी भरली म्हणून. मी निमूट भाजी निवडत बसले. या वयात मुलाचा ओरडा कोण खाईल?

२२ मे, गुरुवार

उन्हाळा नुसता मारायला उठलाय. दिवसभर फवारे चालतात, तरी मैदान पिवळं. मुलगा वाळलाय. सूनबाई म्हणते, हे गवत आपल्याला खाणार. हिरवं आहे फक्त सातवं. आणि माझ्या दारातलं. मी एक गट्टू लावला होता, आज खाटेएवढी हिरवळ झालीय. मी थेंबभर पाणी घालत नाही.

आज तिघे परत आले. छत्रीवालीनं छत्रीचं टोक माझ्या गवतात खुपसलं आणि विचारलं, हे कुठून आणलं. मी म्हटलं, बियाणं विकत आणलं. ती हसली, म्हणजे दात दाखवले फक्त. सेक्रेटरी म्हणाले, आजीबाईंचा हात गुणाचा दिसतो. जुना माळी नुसता माझ्या भिंगरीकडे बघत राहिला. मला राग आला. मी तिला आत पाठवलं.

६ जुलै, रविवार

पावसानं बुरशी आणलीय, मुलगा औषधं मारून दमलाय. पण लिहायचं आहे ते वेगळंच.

सकाळी दार उघडलं तर पायपुसण्यात एक गोल भोक. कडा अशी स्वच्छ की कात्रीचीही येणार नाही. आणि त्या भोकात गवताचा गट्टू, पायपुसण्याच्या बरोबर पातळीला. आधी मला हसूच आलं. म्हटलं, भिंगरीच्या बापाची थट्टा.

पण दहा वाजता मुलगा लाल होऊन आला. सातव्यावर, मी वाळू भरली होती बरोबर त्याच जागी, आमच्या पायपुसण्याचा गोल तुकडा बसवलेला. पाणी शिंपडून, सांधा न दिसेल असा.

१४ सप्टेंबर, रविवार

हिरवळींना टोचायचे दिवस. यंत्रानं हजारो बारीक भोकं पाडतात, म्हणजे मुळांना हवा लागते, आणि करंगळीएवढ्या मातीच्या सुरळ्या वर येतात. सतरा हिरवळींवर नुसती माती आली. सातव्यावरच्या सुरळ्या मी हातात घेऊन बघितल्या. चिंधी होती. शर्टाचं बटण होतं. पांढरे केस होते, लांब, बाईचे. कामगारांनी एकही सुरळी टाकली नाही, सगळ्या वेचून परत भोकांत घातल्या. आणि सगळे माझ्याकडे बघत होते.

घरी स्वयंपाकघरातली एक फरशी कापली गेलीय. गोल. दारातल्या पायपुसण्यापासून चार पावलं आत. तुकडा कुठं सापडला ते लिहीत नाही.

मुलानं पोलादी नळकांडं पेटीत घालून कुलूप लावलं आणि किल्ली गळ्यात घातली. आणि मला विचारलं, आई, तुला हल्ली विसरायला होतं का. सूनबाईनं मान वळवली. म्हणजे त्यांना वाटतं, मीच कापते.

५ ऑक्टोबर, रविवार

आज दारातली हिरवळ कुदळीनं उपटली. एक चांगला गट्टू कापून सातव्यावर नेला आणि हातानं खड्डा करून पुरला. चुकले, म्हटलं, घे तुझं तुला. तासाभरानं जाऊन बघते तर तो वर येऊन पडलेला, उलटा, मुळं आभाळाकडे. आणि घरी आले तर दारातलं गवत होतं तेवढंच.

जुना माळी वाटेत भेटला. त्याला सगळं खरं सांगितलं. तो म्हणाला, शिळं ते परत घेत नाही. जिथं नेलं तिथलं घेतं. उंबऱ्यापासून सुरू करतं, आणि जे सगळ्यांत कोवळं असेल तिथवर जातं. एकदा गट्टू बसला की मग वर्षानुवर्षं गप्प. त्यानं स्वतः काही चोरलं नव्हतं, बुटाच्या तळाला चिकटून माती घरी गेली होती, एवढीशीच. मी विचारलं, घरी कोण कोण असतं तुमच्या. नुसती बायको होती, म्हणाला, आणि सातव्याकडे बोट केलं. मला ते लांब पांढरे केस आठवले.

मी म्हटलं, मी नेलं ना, मग मला घे म्हणावं. तर म्हणाला, कोवळं समोर असताना ते जुनाट कशाला घेईल? असं तोंडावर म्हणाला, मेला.

२ नोव्हेंबर, रविवार

भिंगरीच्या गादीला भोक. उशीच्या खाली एक वीत. ती रात्रभर त्याच गादीवर होती. कापूस सातव्यावर, गवत गादीत.

सूनबाई रडली नाही. माझ्याकडे बघून म्हणाली, तुम्ही आमच्या खोलीत यायचं नाही. भिंगरीला माझ्याशी बोलू देत नाहीत. तरी तिनं दाराच्या फटीतून विचारलं, आजी, अक्षर सुधारलं का?

२३ नोव्हेंबर, रविवार

पहिलं हिंव पडलं, दव गोठलं. अशा दिवशी मैदानावर कुणाला सोडत नाहीत. गोठलेल्या गवतावर पाय पडला की ते काळं पडतं आणि पावलं महिनाभर दिसतात. सकाळी दारातून बघितलं. सातव्यापासून आमच्या दारापर्यंत सगळं पांढरं स्वच्छ. एकही पाऊल नाही. आणि सातव्याच्या भोकात रोवलेला असतो तो झेंडा आमच्या अंगणात.

भिंगरीला आंघोळ घालताना सूनबाई किंचाळली. मी धावले. पोरीच्या पाठीवर गोल वळ. पेल्याएवढा. कापलेलं नव्हतं. नुसतं टेकवून बघितल्यासारखं.

मापासाठी.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

केलं.

सगळ्यांसमोर म्हणाले, होय, मीच कापते. गादी मीच कापली. पोरीच्या पाठीवर पेला मीच दाबला. सूनबाईला नको नको ते बोलले. तुझी पोर माझ्या डोळ्यांत खुपते, म्हणाले. हे म्हणताना जीभ कशी झडली नाही!

मुलानं पेटी उघडून नळकांडं बघितलं, कोरडं, कुलपात. तरी माझंच खरं मानलं. तो उठून सामान बांधायला लागला. ओरडला असता तर बरं झालं असतं. तिघंही सूनबाईच्या आईकडे निघाली, दूर आहे, एक पूर्ण दिवस प्रवास. तो म्हणाला, शुक्रवारनंतर येऊन तुझं काय ते बघू.

भिंगरीनं गाडीतून हात हलवला नाही. बूट मात्र मी धुतले तिचे. दोनदा. तळ काडीनं खरवडले. माती अगदी कणभरसुद्धा –

३० नोव्हेंबर, रविवार

मुलगा आला नाही. बरंच झालं.

भिंगरीच्या गादीवर झोपते. तिचा फ्रॉक उशाला. तिच्यासारखी पाय पोटाशी घेऊन. फसेल का ते? – कोवळं आता घरात दुसरं काही नाहीच. मीच काय ती.

भोक आता खाटेशेजारी. आत पांढरा डबा बसवलाय, मैदानावर प्रत्येक भोकात असतो तसाच. नवा कोरा.

१ डिसेंबर, सोमवार

फसलं!! फसलं गं भिंगरे. माझ्या कुशीत, बरगडीखाली, गोल गवत. हात लावला तर थंड. ओलं. दुखत नाही मुळीच. मऊ – मांजरीच्या पोटा –

सकाळी दव होतं त्याच्यावर. मी झाडलं.

२ डिसेंबर, मंगळवार

पाहुणे आले. आधी छत्रीवालीच. उंबऱ्यात छत्री मिटली, पहिल्यांदाच. सेक्रेटरी म्हणाले, सातवं आज काय सुंदर दिसतंय, सांधा दिसत नाही. जुना माळी आत आला. आत! बूट न पुसता. माझ्या पायाशी बसला, म्हणाला, आजी, आता पोरीला भीती नाही.

एवढंच हवं होतं मला. वही, तिला सांग, मी खोटं बोलले होते. डोळ्यांत नाही खुपत. तिला सांग अक्षर –

हात जड. बोटांत काहीतरी उगव –

जाताना म्हणाले, परत येतो, झेंडा लावायला. कामगारही येतील, कापायला. म्हटलं, या, मी कुठं जातेय. कधी याल, तर म्हणाले, परवाच, दव पडलं की, गुरु –