रेंज नसलेल्या घरातली दोन मिनिटं

आई,

शाळेच्या वाटेवर त्या जांभळीखाली आपण दोघी थांबायचो, ते आज सकाळपासून डोळ्यांपुढून हलत नाही. तू माझ्या वेण्या एकदा चाचपायचीस, पांढऱ्या रिबिनीचं फूल ओढून सारखं करायचीस आणि म्हणायचीस, "हं, जा म्होरं." मग मी पुढच्या फाटकाने जायचे आणि तू माझ्यामागे शंभर पावलं राहून स्वयंपाकघराच्या मागच्या दाराने. ही तऱ्हा मीच ठरवली होती, पाचवीत असताना. तू पोळपाट धूत होतीस, आणि मी दारात उभी राहून एका दमात म्हणाले होते की शाळेत मला हाक मारायची नाही. तू रागावली असतीस, एक धपाटा घातला असतास, तर ते तिथेच संपलं असतं. तू पोळपाट भिंतीला टेकवून ठेवलास आणि विचारलंस, "मग तू मला काय म्हनशील?" मी म्हणाले, "सगळ्या म्हणतात तेच." पुढची पाच-सहा वर्षं मी जेवणाच्या रांगेत ताट पुढे करून तुला मावशी म्हणत होते. तूही इतर मुलींना वाढायचीस तेवढंच मला वाढायचीस. चमचाभर कमी नाही, चमचाभर जास्त नाही.

तुला जाऊन तीस वर्षं होत आली. माझी लेक तुझ्यानंतर जन्मली. लहानपणी तिने विचारलं तेव्हा मी सांगितलं, आजी कॉन्व्हेंटमध्ये होती. तिने त्याचा अर्थ शिक्षिका असा घेतला आणि मी तो तसाच राहू दिला. तुझा एक फोटो आहे, रेशनकार्डासाठी काढलेला, त्यात तू घाबरलेली दिसतेस. तुझा आवाज तर जगात कुठेच उरलेला नाही असं मी धरून चालले होते. मग काही महिन्यांपूर्वी शाळेतल्या जुन्या मुलींच्या ग्रुपवर कुणीतरी एका व्हिडिओची लिंक टाकली. माझ्या पुढच्या वर्गातली, तुंगार्लीच्या बंगल्यातली ती मुलगी तुला आठवत असेल. तिच्या वडिलांनी परदेशाहून कॅमेरा आणला होता आणि शाळेच्या समारंभात तो खांद्यावर घेऊन ती सगळीकडे फिरत होती. ती आता सातासमुद्रापलीकडे असते. तेव्हाची टेप तिने कुणाकडून तरी नीट करून घेतली आणि इंटरनेटवर चढवली. पाऊण तासाच्या त्या फिल्ममध्ये दोन मिनिटं तू आहेस.

तू परातीत तांदूळ निवडते आहेस. पदर खोचलेला, कोपरापर्यंत पीठ. कॅमेऱ्यामागून ती मुलगी आपल्या शुद्ध मराठीत विचारते, "मावशी, तुम्हाला किती मुलं आहेत?" तू हसतेस. "ह्या समद्या माझ्याच की." आई, तो आवाज! तोंडातली सुपारी गालाच्या कडेला सारून बोलायचीस तसाच. ती मुलगी म्हणते, "नाही, पण खरी?" तुझी बोटं थांबतात. तू एकदा दाराकडे बघतेस. दारात पाठमोरी एक मुलगी उभी आहे, दोन वेण्या, पांढऱ्या रिबिनी. आणि तू म्हणतेस, "खरी न्हाईत. मला कुनी न्हाई." ती वेण्यांची मुलगी ताटातला पाव उचलते आणि निघून जाते. मागे वळून बघतसुद्धा नाही.

मी ते बघितलं आणि पहिल्यांदा आठवली ती धाकटी मावशी. तुझी बहीण कुरवंड्याला अंथरुणाला खिळून आहे, नजर अधू झाली आहे, पण रोज तुझं नाव काढते. तिच्या घरात फोनला रेंज येत नाही, टेपाडावर चढून जावं लागतं. म्हणून मी सिमकार्ड काढून टाकलेल्या माझ्या जुन्या फोनवर, घरच्या वायफायने, ॲपमधलं डाऊनलोडचं बटण दाबून ती फिल्म उतरवली, फोन बंद करून ठेवला आणि तीन दिवसांनी कुरवंड्याला नेऊन तिच्या हातात दिली. तिने फोन नाकाला लावून बघितला आणि एकच वाक्य बोलली, "आली व्हय गं बया, इतक्या दिसांनी?" तेव्हापासून फोन तिच्या छातीवर असायचा. सुनेने चार्ज करायला मागितला तरी वायरीसकट हातात ठेवायची.

आमच्या शेजारी एक गृहस्थ आहेत, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. त्यांना मी कौतुकाने सांगितलं की शाळेची फिल्म कशी उतरवून घेतली. ते म्हणाले, "वहिनी, त्या बटणाने उतरवलेलं म्हणजे भाड्याचं घर. मालकाने काढलं की तुम्ही रस्त्यावर. सॉफ्टवेअर देतो, लिंक चिकटवायची, फाईल कायमची तुमची." मी विचारलं, "पण परवानगीशिवाय?" ते हसायलाच लागले. "कॉन्व्हेंटवाल्या तुम्ही! घराला आग लागली तरी आधी 'मे आय कम इन' विचाराल." मी म्हटलं, आधी विचारते, मग उतरवते. सिस्टरांनी आम्हाला शिकवलं होतं की न विचारता उचललेली टाचणीसुद्धा चोरीच. साठीला आले तरी ते माझ्या हाडात आहे.

म्हणून ती फिल्म काढणाऱ्या मुलीला मी ईमेलने पत्र लिहिलं. चांगल्या इंग्रजीत, सिस्टरांनी शाबासकी दिली असती असं. त्यात लिहिलं की स्वयंपाकघरात दिसणाऱ्या बाई आमच्या कुटुंबाच्या परिचयाच्या होत्या. त्यांच्या नातेवाइकांच्या वतीने विचारते, त्या दृश्याची प्रत ठेवायला आपली हरकत नाही ना? परिचयाच्या, असं लिहिलं, आई. खोलीत मी एकटी होते. कुणी बघत नव्हतं. पाचवीतली मुलगी तरी रांगेत उभी होती, तिच्या मागेपुढे मैत्रिणी होत्या.

दुसऱ्याच दिवशी तिचं उत्तर आलं. त्या बाईंच्या घरच्यांना न विचारता त्यांना जगापुढे ठेवलं याची लाज वाटते, तक्रार इतक्या सौजन्याने केलीत म्हणून आभार, फिल्म काढून टाकली आहे. मी लिंक उघडली तर करडा चौकोन. शेजारच्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये चिकटवली तर तेही म्हणे असा व्हिडिओच नाही. मी तिला फोन लावला. तिकडे किती वाजले असतील याचं भान नव्हतं. तिने सांगितलं की टेपला बुरशी धरली होती, नीट करणाऱ्याने एकदाच कशीबशी चालवली, पुढे तिचे तुकडे पडले. फाईल चढवून झाल्यावर तिने स्वतःकडे ठेवली नव्हती, नेटवर आहेच म्हणून. मी म्हणाले, "ती माझी आई होती." मग ती म्हणाली, "अगं, एवढं एक लिहिलं असतंस तर मी आधी तुला पाठवून दिली असती."

मग एकदम लक्षात आलं, कुरवंड्याच्या फोनमध्ये तू अजून आहेस. शेजाऱ्यांना विचारलं तर ते गंभीर झाले. "तो फोन नेटला लागू देऊ नका. लागला की ॲप कंपनीला विचारतं, आहे का हा व्हिडिओ? नाही म्हटलं की फोनमधलाही पुसून टाकतं." मी म्हटलं, मग लावतच नाही. "तसंही नाही चालणार. तीस दिवस नेट मिळालं नाही की आपोआप कुलूप पडतं." धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. स्क्रीन रेकॉर्ड करायची सोय त्या जुन्या फोनला नव्हती. ते म्हणाले, एकच उपाय, तो चालू करा आणि दुसऱ्या फोनच्या कॅमेऱ्याने टिपून घ्या. कॅलेंडरवर दिवस मोजले. अजून चार हातात होते.

त्याच दुपारी रिक्षा करून कुरवंड्याला गेले. वाटेत वहिनीला, म्हणजे मावशीच्या सुनेला, फोन लागत नव्हता आणि मी रिक्षात देवाला आणि येशूला दोघांनाही एकदम साकडं घालत होते. दारातच वहिनी म्हणाली, "बरं झालं आलात ताई. आवाज लय बारीक येतो म्हनून उद्या तो फोन लोनावळ्याला दुकानात टाकनार हुते." दुकानात टाकला असता तर त्याने सगळ्यात आधी वायफायच लावलं असतं. मी उंबऱ्यावरच बसले.

मावशीला म्हटलं, थोडा वेळ फोन दे, अंगणात उजेडात नेते. तिने तो दोन्ही हातांनी घट्ट धरला. "न्हाई देनार. मागं तिला पुण्याला दवाखान्यात न्हेलीस. आनलीस का माघारी?" मी म्हटलं, बरं, तुझ्याच हातात राहू दे. तिच्या उशाशी गुडघ्यांवर बसून मी माझा फोन धरला आणि तिच्या हातातल्या तुला टिपून घेतलं. मला रडू येत होतं, काही नीट दिसत नव्हतं, पण पडद्यावर तू हललीस, बोललीस, काम झालं असं वाटलं. संध्याकाळी तुंगार्लीला माझ्या घरी येऊन लावून बघितलं. एका कोपऱ्यात मावशीचा अंगठा आहे. "ह्या समद्या माझ्याच की" एवढं स्वच्छ ऐकू येतं. आणि तू शेवटचं वाक्य बोलायला तोंड उघडतेस तेवढ्यात मावशी ओरडते, "खोटारडी! आगं, ती काय मागं हुबी हाय! बग की मागं!" तुझे ओठ हलताना दिसतात. तुझे शब्द नाहीत.

दुसऱ्या दिवशी पहिल्या रिक्षाने परत गेले. फोनवर कुलपाचं चित्र होतं. मी दिवस मोजले ते मावशीला फोन दिला तिथपासून. ॲप मोजत होतं मी उतरवून घेतलं तिथपासून. तीन दिवसांची चूक. मावशी विचारत होती, "आज का गं बोलत न्हाई ती? रुसली का?" मी फोन उलटासुलटा केला, बंद करून चालू केला, शेवटी काही सुचेना म्हणून टेपाडावर जाऊन माझ्या फोनवरून त्याला नेटसुद्धा दिलं. कुलूप निघालं आणि त्या जागी करडा चौकोन आला. तिथल्या वाऱ्यात मी किती वेळ उभी होते कोण जाणे. वहिनी हाताला धरून खाली घेऊन आली.

एक सांगायला हवं. तुझं ते वाक्य कायमचं गेलं हे कळलं तेव्हा मी छाती पिटून रडले, आणि त्या रडण्यातच कुठेतरी मला सुटल्यासारखं वाटलं. आता ते कुणालाच ऐकू येणार नाही. माझ्या लेकीलाही नाही. स्वतःचं हे मन ज्या क्षणी कळलं, त्या क्षणी मला तुझ्या मरणाच्या वेळी वाटली नव्हती इतकी भीती वाटली. मला कुणी नाही असं तू जगापुढे सांगितलंस, ते माझ्यासाठी. निदान ते तरी पुसलं जाऊ नये. म्हणून जे उरलं आहे त्याच्या चार प्रती केल्या आहेत, आणि त्या कुणाला द्यायच्या ते इथे लिहून ठेवते.

एक कुरवंड्याला दिली. वहिनीच्या फोनमध्ये घालून दिली, आता नेट असो नसो, ती जायची नाही. मावशी बघते आणि दर वेळी चिडते, "कोन ही म्हातारी मधीच वरडती? बोलू दे की तिला!" तिच्या पश्चात तो फोन वहिनीचाच. दुसरी प्रत ज्या मुलीने फिल्म काढली तिला पाठवायची, ती दर आठवड्याला फोन करून क्षमा मागते. तिची काही चूक नाही हेही सोबत लिहायचं. तिसरी शाळेला. त्यावर तुझं पूर्ण नाव लिहिलं आहे आणि खाली 'स्वयंपाकघर', आणि त्याखाली 'दारातली मुलगी हिची मुलगी' असं लिहून माझं नाव. चौथी माझ्या लेकीला. पेन ड्राइव्ह निळ्या पाकिटात आहे, कपाटाच्या वरच्या खणात, आणि सोबत एक चिठ्ठी हवी, ज्यात तू खरोखर काय म्हणालीस, ते माझ्या हाताने लिहिलेलं असेल, कारण ते शब्द जसेच्या तसे लक्षात असलेली आता मी एकटीच आहे. तुझी रेशनकार्डाची तसबीरही तिलाच.

हे पत्र मात्र कुणाला नाही. तुला वाचता येत नव्हतं, आणि मी कधी शिकवलंही नाही.

पहिल्या तिन्ही प्रती गेल्या आहेत. निळ्या पाकिटावर लेकीचा पत्ता घातला आहे. चिठ्ठी लिहायला तीन वेळा बसले. 'तुझी आजी' एवढं लिहून होतं आणि पुढचा शब्द येत नाही.