मायची ठकी

अण्णा, माय आत्ता झोपली आहे. मी स्वयंपाकघरात खिडकीखाली बसले आहे, जिथं तुम्ही पेपर घेऊन बसायचात. कित्येक वर्षांनी हातानं मराठी लिहिते आहे आणि जोडाक्षरापाशी आलं की हात अडखळतो. तुम्हाला जाऊन इतका काळ लोटला की कळमनुरीच्या एसटी स्टँडवर तुमचा आवाज आठवणारी माणसंसुद्धा आता थोडीच उरली असतील. तरी हे तुम्हालाच सांगावंसं वाटलं. दुसऱ्या कुणाला सांगितलं तर तो लगेच उपाय सुचवील, आणि सगळे उपाय मी करून बसले आहे.

तुमची ती कंट्रोलरची खोली मला अजून जशीच्या तशी दिसते. लाकडी टेबल, त्यावर माईक, माइकच्या तोंडाला बांधलेला तुमचा धुतलेला रुमाल. शाळा सुटली की मी तिथं स्टुलावर बसून गृहपाठ करायची. तुम्ही गाडी पुकारायचात ती घाई न करता. गावाचं नाव घेतलं की थोडं थांबायचात, मग पुढचं गाव. बाहेर बसलेल्या बायका आपलं गाव ऐकलं की पिशव्या उचलायच्या, ते खिडकीतून दिसायचं. कुरुंद्याची गाडी लागली की हळदीचा वास आत यायचा आणि तुम्ही बोलता बोलता शिंकायचात, तेही साऱ्या स्टँडला ऐकू जायचं.

मी नववीत असताना फलाटावरच्या पाट्या पुसट झाल्या होत्या. रंगारी येत नव्हता. मला चित्रकलेच्या परीक्षेत वरची श्रेणी मिळालेली, म्हणून तुम्ही साहेबांना विचारून ते काम मला मिळवून दिलंत. केवढा अभिमान होता तुमच्या चालण्यात त्या दिवशी! मी प्रत्येक अक्षराला वेल काढली, शेपटी काढली, आतून सावली भरली. येणारे जाणारे थांबून बघायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी शिरड शहापूरचा एक माणूस पाटीखाली उभा राहिला, टोपी मागं सारून, एकेक अक्षर जुळवत. त्याचं वाचून होईपर्यंत त्याच्या पाठीमागून त्याची गाडी निघून गेली. तुम्ही खिडकीतून ओरडलात, धावलात, पण ती वळून रस्त्याला लागली होती. संध्याकाळी तुम्ही मला जवळ बोलावलंत. आवाज चढवला नाहीत. "तुझं अक्षर लई देखणं हाय," म्हणालात. "पण त्या माणसाला वाचता येत व्हतं पोरी. तू येऊ दिलं न्हाई." मग रॉकेलच्या बोळ्यानं पाट्या पुसल्यात आणि माझ्याकडून पुन्हा लिहून घेतल्यात, साध्या, ठळक. मी रडत रडत लिहिल्या आणि पुढं कितीतरी दिवस तुमच्याशी नीट बोलले नाही.

आता लोक मला मुलाखतीत विचारतात, वस्तूंचं हे डिझाइन तुम्ही कुठं शिकलात? मी हीच पाटीची गोष्ट सांगते. परक्या देशातल्या मोठाल्या सभागृहांत ती सांगितली आहे. लोक हसतात, टाळ्या वाजवतात. त्यांना कळमनुरी म्हणता येत नाही, पण गोष्ट कळते.

घरी आल्यावर तुम्ही मायला पेपर वाचून दाखवायचात. ती भाकरी थापायची, तुम्ही खिडकीखाली. तेव्हा तिला दिसत होतं, चष्म्यानं का होईना वाचता येत होतं, तरी तिला तुमच्याकडून ऐकायला आवडायचं. बातम्या, हिंगोलीच्या बाजारातले हळदीचे भाव, कुणाचं लग्न, कुणाची तेरवी. आपल्याकडं वाफाभर हळद नव्हती, पण भाव पडला की माय चुकचुकायची आणि वाढला की म्हणायची, "बरं झालं बाई कोणाचंतरी." पुढं काचबिंदूनं तिची नजर कडेकडेनं जायला लागली तेव्हा तुमचं ते वाचणं हळूहळू गरजेचं झालं. पण तुम्ही दोघांनी ते एकमेकांना कधी जाणवू दिलं नाहीत.

मुंबईला डिझाइन शिकायला निघाले तेव्हा तुम्ही मला चित्रं काढायची फळी दिलीत. जुन्या गाडीच्या सीटची प्लाय, डेपोतल्या सुताराकडून घासून घेतलेली, कोपऱ्यात बोल्टची दोन भोकं तशीच. वसतिगृहात मुली हसल्या. मी चारही वर्षं तिच्यावरच काम केलं. नंतर नोकरी, मग परदेश. कानात घालायची यंत्रं, मनगटावरची घड्याळं, मग तो फोन, ज्यानं माझं नाव झालं. इतका पातळ फोन तोवर कुणी केला नव्हता. सुट्टीत आले तेव्हा मी तो तुमच्या हातात ठेवला. तुम्ही तो उलटसुलट केलात, घसरता घसरता सावरलात आणि हसून म्हणालात, "छान हाय गं. पण ह्याला धरायचं कुठं?" मीही हसले. त्याच वर्षी थंडीत तुम्ही गेलात. मी पोचले तेव्हा अंगणात खुर्च्या मांडलेल्या होत्या.

त्यानंतर मायची उरलेली नजरही गेली. मी तिला माझ्याकडं नेलं. तीन महिने ती सोफ्याच्या एका टोकाला बसून होती. "हितं भिंती कुठं हायत तेच कळत न्हाई," म्हणायची. ह्या घरात तिला प्रत्येक कोनाडा हातानं ठाऊक आहे. शेवटी तिला परत आणून सोडलं. भाकरी करायला, घर झाडायला तांड्यावरची एक मावशी येते, दुपारी जेवण करून जाते. बाकी सगळा वेळ माय एकटी. फोनवर बोलताना मी विचारायची, आज काय केलंस? ती म्हणायची, "काय करती? बसले व्हते."

तिच्या त्या बसण्यासाठी मी ती वस्तू केली, अण्णा. तळहातात मावेल एवढी, गोल, खडबडीत पाठीची, म्हणजे हातातून निसटू नये. एकच मोठं बटण. दाबलं की बोलायचं, ती ऐकते आणि उत्तर देते. पेपर वाचते, औषधाची आठवण करते, फोन लावून देते. कंपनीला पटवायला वर्षं गेली. म्हाताऱ्या माणसांसाठी कोण वस्तू करतं, असं मला चारचौघांत विचारलं गेलं. मराठी शिकवायची वेळ आली तेव्हा मी हट्टानं तिला 'काहून' शिकवलं, 'न्हाई' शिकवलं, 'व्हय' शिकवलं. इंजिनियर म्हणाले, असं बोलतं कोण? मी म्हटलं, माझी आई. आणि गावाची नावं घेताना थोडं थांबायला शिकवलं. ते कुणाकडून घेतलं होतं, ते मी त्यांना सांगितलं नाही.

पहिली वस्तू मी मायच्याच हातात दिली. तिनं ती चाचपली, "ही तर लाकडाच्या ठकीवाणी हाय," म्हणाली, आणि त्या बाहुलीच्या नावानं ती ठकीच झाली. पहिल्या दिवसापासून माय तिच्याशी भांडायला लागली. "ठके, येवढ्या जोरानं काहून बोलून राहिली? मी आंधळी हाय, बहिरी न्हाई." शिरड शहापूरच्या तिच्या बहिणीला रोज फोन लागायला लागला. डोळ्यांत थेंब टाकायच्या वेळा बराबर पाळल्या जायला लागल्या. मी विचारलं की माय आता मला बातम्या सांगायची, मी राहते त्या देशातल्यासुद्धा. त्या वस्तूला बक्षिसं मिळाली, माझा फोटो छापून आला, कितीतरी देशांतल्या लेकरांनी आपल्या आयाबापांसाठी ती घेतली. पण मला आठवतो तो मायचा फोनवरचा आवाज. त्यात सांगण्यासारखं काहीतरी असायचं.

मग आमची कंपनी एका मोठ्या कंपनीनं विकत घेतली. नव्या लोकांनी ठकी बंद करायचं ठरवलं. तुम्हाला हे समजावून सांगायला हवं. ठकीचं बोलणं त्या गोल वस्तूत नसतंच. ते दूर कुठंतरी कंपनीच्या यंत्रांत असतं आणि तारेवाचून इथवर येतं. तिकडून बंद केलं की इथं नुसता गोळा उरतो. तुमच्या माइकची वायर कुणीतरी दुसऱ्या गावी बसून कापावी, तसं. बैठकीत समोर बसलेला तरुण माणूस फार सभ्य होता. तुमच्या कामावर आमचं प्रेम आहे, म्हणाला. पण म्हातारी माणसं एकदा घेतलेली वस्तू बदलत नाहीत, नवी घेत नाहीत, असं किती दिवस चालवायचं? मी म्हटलं, दुसऱ्या कुणाला तरी चालवायला द्या. वकील म्हणाले, आवाज, भाषा, आकार, सगळं कंपनीच्या मालकीचं आहे, देता येणार नाही. खोक्यावर माझी सही छापलेली आहे अण्णा, पण आतल्या वस्तूवर माझा काडीचा हक्क नाही. शेवटी उठताना मी त्या माणसाला विचारलं, एक तरी चालू ठेवता येईल का? फक्त एक? त्याला वाटलं मी गंमत केली. तो हसला. मग मीही हसले.

बंद व्हायच्या आधी आठवडाभर मी इथं आले. मायला सांगायचं म्हणून आले आणि रोज उद्यावर ढकलत गेले. बंद व्हायच्या दिवशी जेवणं झाली, मावशी मोरीत भांडी घासत होती. मायनं बटण दाबलं. "ठके, पेपर वाच." ठकी बोलली, पण इंग्रजीत. ही सेवा आता संपत आहे, आपण आमच्यासोबत राहिलात त्याबद्दल आभार. एवढंच वाक्य, ते मराठीत करायचीही कुणाला गरज वाटली नव्हती. मग छोटीशी धून वाजली आणि दिवा गेला.

"विंग्रजी काहून बोलली ही?" मायनं विचारलं.

"बंद झाली, माय."

"बिघडली?"

"न्हाई. बिघडली न्हाई. बंद केली."

"कोणी?"

"मालकानं."

"मालकीण तर तू हायस की."

"मी न्हाई. मी नुसती बनवली."

"मग सांग ना त्याहीला, माझी माय वापरून राहिली म्हणून."

"सांगितलं."

"मग?"

"न्हाई म्हणले."

मोरीतलं पाणी थांबलं. मावशी हात पुसत दारात आली. "ताई, तुमी तर लई मोठ्या हाव ना? पेपरात फोटो आला व्हता तुमचा." तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, तिला खरंच कळत नव्हतं. माय म्हणाली, "तिला काही म्हणू नको बाई. तिला तकलीफ होऊन राहिली." आणि माझा हात चाचपून तिनं आपल्या मांडीवर घेतला. जिचं गेलं तीच मला समजावत होती.

त्यानंतर करायचं ते सगळं केलं. माझा फोन तिच्या हातात दिला. तोही बोलतो, पण नुसत्या काचेवर तिला काही सापडत नाही. भाकऱ्यांनी राठ झालेली तिची बोटं काचेला कळतही नाहीत. "हे लई गुळगुळीत हाय," म्हणून तिनं तो बाजूला ठेवला. त्याच्या कडांची गोलाई मीच काढलेली आहे. मावशीला वाचता येत नाही. शेजारची पोरगी दोन दिवस पेपर वाचायला आली, मग तिची परीक्षा सुरू झाली. तेव्हापासून मी वाचते. बातम्या वाचते, हळदीचे भाव वाचते. माय ऐकते, पण चुकचुकत नाही. काल मध्येच म्हणाली, "तू लई घाईनं वाचून राहिली. तुझे अण्णा थांबायचे." मी थांबत थांबत वाचून पाहिलं. थोड्या वेळानं ती म्हणाली, "राहू दे. दमली असशील." आणि भिंतीकडं तोंड करून पडली. मला वाटलं झोपली. मी पेपराची घडी घातली तेव्हा तिकडूनच म्हणाली, "तू गेल्यावर दुपार लई मोठी व्हईल."

"येशील का माझ्याकडं?" मी विचारलं.

"न्हाई."

लोक म्हणतात, तुम्ही माणसांचं जगणं बदललंत. मायचं बदललं होतं, ते खरं. आता तिला पूर्वीसारखं बसता येत नाही. ठकी नव्हती तेव्हा ती गप्प बसायची, आता ती वाट बघत बसते. आधीच्याहून हे वाईट आहे की काय, ते मला ठरवता येत नाही. तुम्ही असता तर पेपर उचलला असता आणि प्रश्न मिटला असता. माझ्या हाताखाली पन्नास माणसं आहेत, आणि मला एवढंसुद्धा जमत नाही.

सकाळी मी उठते त्याच्या आधी ती उठलेली असते. ती ठकी हातात घेते, बटण दाबते, कान देऊन थांबते. मग पुन्हा दाबते. मग पदरानं पुसून उशाशी ठेवते. मी दारात उभी असते आणि श्वास धरून राहते, तिला कळू नये म्हणून.

हा कागद मी कुठं टाकणार, अण्णा? घडी घालून बॅगेत ठेवीन. आज सकाळीच मायनं विचारलं, "किती दिवस हायस अजून?" मी म्हणाले, अजून काही ठरवलं नाही. परतीचं तिकीट उद्याचं आहे. ते मी इथं यायच्या आधीच काढलं होतं.