रिठ्याचं पाणी कुठे ओतावं

३ ऑक्टोबर, शुक्रवार – आलापल्ली

एकसष्ट वर्षांचा झालो आणि आज पहिल्यांदा कुणी कपडे धुताना बघत बसलो. दीड तास!

पेपरातल्या सदरासाठी सागवानाच्या डेपोवर लिहायला आलो होतो. डेपोचे साहेब जेवायला गेले, म्हणून गावाबाहेर नाल्याकडे चालत गेलो. तिथे सोमारीबाई. सत्तरीच्या असतील. मडक्यात चुलीची राख आणि पाणी कालपासून मुरत ठेवलेलं. वरचं नितळ पाणी अलगद काढलं. 'बोट घाल,' म्हणाल्या. घातलं – साबणासारखं बुळबुळीत. मळकी लुगडी त्यात. मग भिजवलेले रिठे हाताने कुस्करले. मूठभर सालं, आणि फेस घमेल्याच्या काठावर चढला. दुकानातून काहीच आणलेलं नाही. झाडाखालून वेचलेलं फळ, चुलीतली राख. मी नुसता बघत होतो.

'काऊन, तुह्या घरी धूत नाई का कोनी?'

'बायको धुते.'

'म्हून माहीत नाई.'

उरलेलं पाणी मात्र त्यांनी नाल्यात टाकलं नाही. नाला दोन पावलांवर, आणि या वयात घमेलं उचलून वर, एका खड्ड्यात ओतलं. का, विचारलं. 'नाला आपल्या एकट्याचा नाई.' वहीत टिपलं: श्रद्धा – नाला विटाळू नये.

येताना पिशवीभर रिठे दिले. पैसे घेतले नाहीत.

५ ऑक्टोबर, रविवार – मूल

दोन वर्षं झाली, कमळाच्या बोटांच्या बेचक्या फुटतात. डॉक्टर म्हणतात धुण्याची पावडर बंद करा. ती म्हणते, मग धुणार कोण? आज कपडे मी धुतले, रिठ्याने.

तिने सदरा नाकाशी नेला. 'वासच नाई. धुतला का नुसता भिजवला?'

मग कॉलर उलटी करून पाहिली. खिडकीशी नेऊन पुन्हा पाहिली.

'उद्या चादरी घ्या,' म्हणाली.

७ ऑक्टोबर, मंगळवार

सदर लिहिलं. जागा चारशे शब्दांची, झाले सहाशे. खड्ड्याचा परिच्छेद काढला – सुंदर होता, पण नसला तरी चालणारा. त्याऐवजी शेवटी एक ओळ: 'हे पाणी कुठेही सोडा, निसर्गाचं निसर्गाला परत.' ओळ जमली. पावणेसहाला पाठवलं. सदतीस वर्षांत एकदाही उशीर नाही.

१२ ऑक्टोबर, रविवार

सदर छापून आलं. अकरा फोन! दिवाळीच्या धुण्याला सात गोधड्या काढल्या. ड्रमभर पाण्यात दोन किलो रिठे. कमळाने उघडा हात फेसात घातला आणि तसाच ठेवला. आग नाही. आठवडाभरात बेचक्या मिटत आल्यात. हात पाण्यात, आणि चेहऱ्यावर काहीच दुखत नसल्याचं नवल. बघत राहिलो.

१३ ऑक्टोबर, सोमवार

सकाळी सहा. गोधड्या दोरीवर. शेजारच्या वारलूभाऊंचा मासोळ्यांचा खड्डा आमच्या परसाच्या खाली आहे. खोलीएवढा, त्यात बोटभर कतले वाढवून दिवाळीनंतर गावाच्या मोठ्या बोडीत, म्हणजे तळ्यात, सोडायचे, हे ढिवर माणसाचं वर्षाचं काम. साबणाचं पाणी नको म्हणून त्यांनीच मला खड्ड्याकडे जाणाऱ्या नालीला मातीचा बांध घालायला लावला होता. आज बांध काढला आणि ड्रममधलं पाणी सरळ सोडलं. शुद्ध पाणी. मासोळ्यांनाही मिळू दे!

दुपारी. सकाळी आठच्या सुमारास वारलूभाऊ खड्ड्याच्या काठावर बसलेले दिसले. खाली सगळीकडे पांढरी पोटं वर.

'काल कोंडा जास्त पडला माह्या हातून,' म्हणाले. 'पानी बिघडलं. चाळीस वर्सांत असं नाई झालं जी. हात चुकला.'

बेशरमीच्या झुडपाखाली बोटभर फेस होता. मला दिसला.

त्यांनी टोपल्या भरभरून मासे मोठ्या बोडीत नेऊन ओतले. 'बोडीतल्या मरळी तरी खातीन.' मग म्हणाले, 'खड्डा बुजवतो. येत्या सोमवारी मातीचा ट्रॅक्टर येते. पोरगा नागपूरले बलावून राह्यला, वाचमनकी हाय म्हणते. जातो.'

१४ ऑक्टोबर, मंगळवार

सोमारीबाईंच्या नातवाच्या मोबाइलवर फोन केला.

'सांगतलं होतं ना,' त्या म्हणाल्या. 'नाला एकट्याचा नाई.'

'मला वाटलं, देवाचं काही असेल.'

'देवाले काय करायचं फेसाचं? मासोळ्यायचा हाय नाला.' मग कुणाला तरी गोंडीत काही सांगितलं. पलीकडे सगळे हसले.

म्हणजे ती श्रद्धा नव्हती. चार शब्दांत पुरती माहिती होती, आणि मी तिच्यावर श्रद्धा असं लिहून ठेवलं. पुन्हा पुन्हा तेच मनात येतं – ज्या फेसाने कमळाचे हात वाचले, तोच माशांच्या कल्ल्यांत गेला. फळ तेच. किती जोराचं फळ आहे हे, आणि मी त्याला गरीब समजलो.

संध्याकाळी नालीचा बांध परत घातला. कुणी बघत नाही असं बघून.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

रस्त्यात वारलूभाऊ दिसले. मी मोबाइल कानाला लावला. कुणाचाच फोन नव्हता.

१९ ऑक्टोबर, रविवार

सदराखाली दोन ओळींची दुरुस्ती: रिठ्याचे पाणी जलाशयात सोडू नये, मासे दगावण्याची शक्यता असते. कुणी सोडलं, कुणाचे दगावले – काही नाही. असल्या ओळी झोपेतही लिहू शकतो.

संध्याकाळी वारलूभाऊ पेपर घेऊन आले. त्यांच्या सुनेने, रीनाने, वाचून दाखवला होता.

'कोंड्यानं नाई गेले जी! माहा हात नाई चुकला.' चेहरा किती हलका झाला होता. 'तुमचं पयलं वाचून वरच्या आळीतल्या बायायनं धुतलं असंन, सोडलं असंन. तुमची नाली तं बंदच हाय. लय उपकार झाले. जाताना मनात थे कुसळ राह्यलं असतं.'

माझे हात त्यांनी हातात घेतले.

ते गेल्यावर कमळा दारातच उभी होती. 'सात गोधड्या होत्या,' म्हणाली, आणि आत गेली.

२० ऑक्टोबर, सोमवार

ट्रॅक्टर यायच्या आधी गेलो. सांगितलं. बांध काढल्याचं, परत घातल्याचं, सगळं.

वारलूभाऊंनी नालीकडे पाहिलं. शिवी आली असती तर बरं वाटलं असतं.

'किती वाजता सोडलं?'

'सहाला.'

'अन् मी आठाले उचलले.' ते बोटं मोजत होते. 'दोनच घंटे.' एकदम उठले. घरातून बारीक जाळं आणलं, एक टोक माझ्या हातात दिलं. 'चला बोडीवर. घट धरा.'

छातीभर पाण्यात उतरलो. ओढत काठाशी आणलं. जाळं उकळल्यासारखं हललं. बोटभर कतले, चांदीसारखे, एकमेकांवर उड्या मारत – मोजता येणार नाहीत इतके.

'रिठ्यानं झिंगलेच होते, बोडीच्या पान्यात सुधरले,' वारलूभाऊ म्हणाले. 'अन् मी मेले म्हून फेकले.'

पाळीवरून ट्रॅक्टरवाला हाका मारत होता – माती कुठं टाकू? त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. मला म्हणाले, 'टोक सोडू नोका.'