सहा नंबरची खाट

बुधवार, २८ मार्च १९९०

दिवसभर डोकी शिवली. कोयत्याचे वार. वरच्या टेकडीची, त्या दुसऱ्या पक्षाची माणसं पहाटेच उतरली आणि आमच्या वस्तीची ओढ्याकाठची गल्ली पेटवून गेली. एका म्हाताऱ्यानं स्वतःचा कान रुमालात बांधून आणला होता. ‘सिस्टर, बसेल का हो परत?’ नाही बसला.

बरोबरची एक पोरगी बेसिनवर ओकत होती. म्हणते, ‘मान्गिडी मावशी, तुम्हाला काहीच कसं होत नाही?’ अगं बाई, नवरा खाणीत गेला, तीन लेकरं मातीत घातली. शेवटची तर याच इस्पितळाच्या बाकावर, नंबर येईपर्यंत माझ्या मांडीवर गेली. त्या रागानं मी चाळिशी उलटल्यावर या पोरींच्या बरोबरीनं नर्सचं शिकायला बसले. मला आता काय व्हायचंय!

खोटं. मी घाबरते. लुंगासाठी घाबरते. उरलेला लेक तो एकच.

गुरुवार, २९ मार्च

लुंगा घरी आला. अंगाला रॉकेलचा वास.

‘कुठे होतास?’
‘मीटिंगला.’
‘मीटिंगला रॉकेल लागतं होय रे?’

हसला! एकोणीस वर्षांचं कार्टं. तो डुमा त्यांचा पुढारी झालाय. माझ्या चुलीपाशी बसून मक्याचं पीठ आणि आंबवलेलं दूध ओरपत वाढला तो, आणि आता माझ्याकडे मान वर करून बघत नाही. ‘डरबनला मावशीकडे जा’ म्हटलं, तर लुंगा म्हणतो, ‘पळपुटा म्हणतील, आई.’ म्हणू देत! पळपुटे जिवंत असतात.

देवा, माझं एकच मागणं आहे. माझ्या पोराला कुणी मारू नये आणि त्यानं कुणाला मारू नये. आधी कुठलं मागू तेवढं कळत नाही.

शनिवार, ३१ मार्च

डुमाच्या धाकट्या भावाला वरच्यांनी घरात कोंडून जाळला. दातांवरून ओळखला.

सोमवार, २ एप्रिल

पोलिसांनी एक पोरगा दारात टाकला, पोतं टाकावं तसा. पोटात सुरा, पाठीवर फटके. नाव भेकानी. वरच्या टेकडीचा. पुरुषांचा वॉर्ड भरला होता, म्हणून बायकांकडे सहा नंबरच्या खाटेवर घेतला. साऱ्या वॉर्डात आमच्या वस्तीची माणसं! चार नंबरवाली बाई उठून त्याच्या पेजेत थुंकली. मी तिला म्हटलं, ‘थुंकायचं तर माझ्या तोंडावर थुंक, रांडे. उद्या तुझी पट्टी मीच बदलणार आहे.’ पांघरूण ओढून झोपली.

तापात मला ‘आई’ म्हणत होता. सतरा वर्षांचा असेल. डुमाच्या भावाला जाळायला हा होता का? विचारलं नाही. होता म्हणाला असता तर माझे हात नीट चालले नसते.

बुधवार, ४ एप्रिल

लिहिलं नाही तर झोप नाही.

जेवणाच्या वेळी फाटकाशी गाणी ऐकू आली. डुमाचं टोळकं. कोयते, गावठी बंदुका, भाले. वॉचमन पळाला. कुणीतरी चहाडी केली होती, ‘सहा नंबरला वरचा आहे.’ आणि मेली मी, खिडकीतून बघते तर रांगेत तिसरा लुंगा! हातात माझ्याच घरचा कोयता.

आमचे ड्रायव्हर शेझीबाबा मढी नेणारी गाडी घेऊन मागच्या दाराशी होते. दोघांनी भेकानीला चादरीत गुंडाळला आणि गाडीत त्या दिवशीच्या मढ्यांशेजारी ठेवला. त्याला म्हटलं, ‘मर आता थोडा वेळ.’ मग पुढे जाऊन फाटकात उभी राहिले.

‘सहा नंबर गेला,’ म्हटलं. ‘सकाळीच. मागं मढ्यांच्या गाडीत ठेवलाय.’

डुमा म्हणाला, ‘बाजूला हो, मावशी. बघू दे.’

‘दुसऱ्यांच्या आजारी बायका आहेत आत. कोयता घेऊन पाऊल टाकलंस तर आधी मला कापावं लागेल.’ त्यानं मला ढकललं. डोकं खांबावर आदळलं, रक्त डोळ्यात उतरलं. लुंगा मध्ये आला नाही. नुसता उभा! ते मला खोकेपेक्षा जास्त लागलं.

मग डुमा त्याला म्हणाला, ‘तू जा. तुझी आई तुला खोटं सांगायची नाही. गाडीत बघून ये.’

लुंगा गेला. गाडीचं दार उघडलं, लागलं. आला, जमिनीकडे बघत म्हणाला, ‘मेलाय. थंडगार.’

निघून गेले. वाटेत औषधाच्या खोलीच्या काचा फोडल्या, माळ्याच्या पोराची बोटं छाटली. शेझीबाबा भेकानीला घेऊन थेट डरबनच्या मोठ्या इस्पितळात गेले.

पोरगा तापात निपचित पडला असणार, म्हणून लुंगा फसला. पोटच्या पोराला फसवलं मी. बरं झालं फसवलं! पण आता कळलं, तो त्या पोराला कापायलाच आला होता. माझ्या हातचं खाऊन.

शुक्रवार, ६ एप्रिल

काय करून बसले मी!

दुपारी भेकानीची आई आली, पोरगा गेल्याचं ऐकून. अंत्यविधी होते म्हणून आज रस्त्यावर पोलीस होते, तेवढी संधी साधून. हातात काटेरी फांदी. आत्म्याला घरी न्यायला आली होती. घरात पुरुष उरला नसेल, नाहीतर बाई कशाला फांदी धरते? फांदी धरणाऱ्यानं वाटेत कुणाशी बोलायचं नसतं, कुणी त्याच्याशी बोलायचं नसतं. चार नंबरवालीनंसुद्धा पाय आखडून वाट दिली.

तिनं रिकाम्या खाटेवर फांदी टेकवली. ‘भेकानी, मी आलेय रे. ऊठ. घरी जाऊ. पुढे ओढा लागेल, मी सांगेन तुला. घाबरू नकोस.’

पोरगा तिकडे डरबनमध्ये सूप पितोय आणि ही त्याचा आत्मा ओढून नेतेय! जिवंत माणसाचा आत्मा बाहेरून हाक मारून नेला तर मागे काय उरेल? आणि इथून ती शवागारात मढं मागायला जाणार. मी पण तीन वेळा अशा फांदीमागून चाललेय. मला सोसवेना. पाणी द्यायच्या निमित्तानं वाकले आणि कानात म्हटलं, ‘बाई, तुझा पोरगा जिवंत आहे. डरबनला. तोंड बंद ठेव.’

तिनं माझ्याकडे पाहिलं. फांदी हातातून पडली. आणि तिनं लग्नात घालतात तशी किलकारी घातली! जीभ थरथरवत, छाती फुटेस्तोवर! ‘माझा भेकानी जिवंत आहे! जिवंत आहे!’ मी तोंड दाबलं, तर ती माझ्या तळहातातूनही किलकारतच होती.

अख्खा वॉर्ड ऐकत होता.

शनिवार, ७ एप्रिल

डुमा आणि दोघे घरी आले. लुंगा नव्हता. खुराड्यातल्या कोंबड्यांच्या माना मुरगळून ओट्यावर टाकल्या.

‘फितुरी कुणी केली, मावशी?’

‘मी! मी फसवलं त्याला! त्याला काही ठाऊक नव्हतं!’

‘मढं आणि माणूस यातला फरक कळत नाही होय लुंगाला? थंडगार म्हणाला तो.’

मी पाय धरले. ज्या पोराचं नाक पुसलं त्याचे पाय धरले. त्यानं लाथ मारली. बरगडी मोडली बहुतेक.

तिन्हीसांजेला लुंगा आला. म्हटलं, ‘सांग त्यांना, आईनं फसवलं म्हणून.’ म्हणाला, ‘सांगतो. मला काय कळतंय मढ्यातलं!’ पोटभर जेवला. माझ्या बरगडीवर स्वतः पट्टी बांधली, वेडीवाकडी. उद्या डरबनला जायला तयार झाला! पळपुटा तर पळपुटा म्हणाला.

रविवार, ८ एप्रिल

बस थांब्यावरून नेला.

सोमवार, ९ एप्रिल

टायर गळ्यात घालून पेटवला, शाळेमागे. लोक बघत होते. कुणी एक बादली पाणी ओतलं नाही. मीच उचलला, मीच धुतला, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. कातडी माझ्या हातमोज्याला चिकटून येत होती. शिकवलं होतं तसं हळू सोडवत गेले. तोंड नव्हतंच. पायाचा अंगठा माझ्यासारखा वाकडा, त्यावरून माझा.

डुमाला खा देवा! त्याला नाही तर मला खा.

त्या किलकारणाऱ्या बाईला काय शिव्या देऊ? आई होती. मीच तोंड उघडलं. आणि माझं पोर बिचारं माझ्या खोट्यापायी मेलं, त्याला काही ठाऊकसुद्धा नव्हतं.

शनिवार, १४ एप्रिल

काल पुरला.

आज शेझीबाबा डरबनहून भेकानीला भेटून आले. तो पोरगा सांगतो, चादर वर झाली तेव्हा तो डोळे उघडे ठेवून लुंगाकडे बघत होता. लुंगानं त्याचे डोळे हातानं मिटले. म्हणाला, ‘श्वास रोखून धर. बाहेर माझी आई आहे.’