शेवळांची दहा मिनिटं

१० जून, बुधवार. कल्याण

आज शेवळं मी केली. एकटीने.

सासूबाईंनी सहा वर्षं मला या भाजीला हात लावू दिला नव्हता. चूक माझीच. लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात मी काकडं, म्हणजे ती आंबट फळं, न घालताच शेवळं शिजवली आणि घरातल्या सगळ्यांचे घसे खाजले. आमच्या साताऱ्याकडे शेवळं कुणी बघितलेली? यंदा आईंचा उजवा हात प्लास्टरमध्ये, म्हणून माझा नंबर लागला.

सकाळी बाजारात खडवलीच्या मावशींकडे शेवळांच्या जुड्या होत्या, पण काकडं संपलेली. मग माहेरी अळूला घालतात तशी चिंच घातली, चांगली सढळ हाताने. सुक्या कोळंबीचे सोडे आणि ओलं खोबरं मात्र आईंच्याच पद्धतीने. चिंचेचं त्यांना सांगून टाकलं. "बघ बाई," एवढंच म्हणाल्या. चिंच पुरेल का? भाजी शिजेपर्यंत डोक्यात तेच.

त्या पहिल्या पावसाळ्यापासून आमच्याकडे नियम आहे. करणारीने पहिला घास खायचा, दहा मिनिटं थांबायचं, घसा खाजला नाही तरच पानं वाढायची. मी घास खाल्ला आणि घड्याळाकडे बघत बसले. तीन मिनिटं झाली असतील नसतील, आईंनी डाव्या हाताने वाटीत भाजी घेतली आणि खायलाही लागल्या.

"आई, थांबा ना. दहा मिनिटं कुठे झालीत?"

"तू केलीयेस ना? मग कशाला थांबू? भात वाढ."